खटक्याचा चाकू

मंगळवार, ४ तारीख

आज कारखान्याला सील लागलं. कारखाना म्हणजे घराच्या मागची एक खोली, एक भट्टी, ऐरण, धारेचं चाक आणि मी. पण कागदावर 'कारखाना' असं लिहिलंय. उभ्या आयुष्यात त्या खोलीला एवढा मान कोणी दिला नव्हता.

आलेले साहेब भले होते, हे लिहायलाच हवं. त्यांनी आधी पाणी मागितलं, मग माफी मागितली आणि मग दाराला दोरी बांधून लाख ओतली. मी म्हटलं, "साहेब, आत व्हाइसच्या पकडीत एक पातं अडकवलेलं आहे. आत्ताच तापवून पाणी दिलंय त्याला, कडक व्हायला. पुसून तेलाचा हात फिरवू द्या, नाहीतर गंजेल." ते म्हणाले, "काका, तुम्ही आत जाऊन ते हातात घेतलंत की माझ्या डोळ्यांदेखत गुन्हा झाला असं होईल. मग मला तुम्हालाही सील लावावं लागेल."

नवा कायदा असा, की जो घडीचा चाकू उघडल्यावर खटक्याने अडकून बसतो, ते शस्त्र. करायला परवाना, विकायला परवाना, खिशात ठेवायला परवाना. मी नेमका तोच करतो, दुसरं काही करत नाही. नखाने पातं उघडायचं, पूर्ण उघडलं की आतली पोलादी पट्टी खट्‌कन मागे येऊन बसते आणि पातं बोटांवर मिटत नाही. बोटं वाचावीत म्हणून तर खटका असतो! कायदा लिहिणाऱ्याने बिनखटक्याच्या चाकूने कधी जाड दोरी कापली नसावी. कापली असती तर लिहायला त्याच्याकडे बोटं उरली नसती.

हाताला काम नाही म्हणून हे लिहायला बसलोय. पेन्सिलीला इतकी धार केली की टोक दोनदा मोडलं.

गुरुवार, ६

शेजारच्या गल्लीतला कात्रीवाला येऊन गेला. जुना दोस्त आहे, त्यामुळे सांत्वनाच्या नावाखाली मजा बघायला आला होता.

"माझ्याकडे कोणी फिरकलं नाही बुवा," तो म्हणाला. "कात्री कायद्यात नाही."

"म्हणजे दोन पाती एका खिळ्यावर बसवली की कायदा डोळे मिटून घेतो?"

"तू पण बसव. नाहीतरी तुझी जीभ आहेच दुसरं पातं."

हसलो, पण मनातून जळत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? हे सगळं आलं ते त्या बसच्या भानगडीतून. कंडक्टरने एका तरुणाला तिकिटावरून हटकलं, त्या तरुणाने कंडक्टरच्या पोटात चाकू खुपसला. घडीचा, खटक्याचा. त्यावरचा शिक्का घासून काढलेला. कंडक्टर वाचला, तो पोरगा पकडला गेला. चाकू रस्त्यात सापडला म्हणतो. पेपरात त्या पोराचा फोटोही आला होता म्हणे. मी पाहिला नाही. आमच्याकडे हल्ली पेपर माझ्या हातात पडायच्या आत रद्दीत जातो.

मी कात्रीवाल्याला सांगितलं, साऱ्या गावाला सांगतोय, तो चाकू माझा नाही. माझा माल बाजारात जातच नाही. समोरच्या खोलीत आमची ही बसते, गिऱ्हाईकाशी दोन शब्द बोलते, माणूस पारखून मगच देते. हिच्या नजरेतून बदमाश सुटायचा नाही. मी हे बोलत होतो तेवढ्यात ही चहाचे कप उचलून आत गेली. कात्रीवाल्याचा कप अजून अर्धा भरलेला होता.

संध्याकाळी ही शिवणवालीकडे गेली. समोरच्या खोलीला नवे पडदे करायचे आहेत. म्हटलं, कारखान्याला सील लागलंय आणि तुला पडदे सुचतायत! पण बाईमाणसाचा जीव असा कशात तरी गुंतला तर बरंच.

सोमवार, १०

वकीलबाईंकडे गेलो. वयाने माझ्या भाचीएवढ्या, पण बोलणं स्वच्छ. परवान्याचा अर्ज करायचा. अर्जाबरोबर चाकूचा नमुना द्यायचा. नमुना परवाना असलेल्या कारखान्यातच केलेला हवा.

"म्हणजे परवान्याला नमुना हवा आणि नमुन्याला परवाना हवा," मी म्हणालो.

"बरोबर समजलात," त्या म्हणाल्या. "म्हणूनच आपण अर्ज न करता थेट सुनावणी मागतोय. तिथे आपली एकच बाजू भक्कम आहे. ज्याची वस्तू गुन्ह्यात सापडली त्याला परवाना मिळणार नाही, असं कलम आहे. आणि तुमची वस्तू कुठल्याही गुन्ह्यात नाही. तसं शपथेवर लिहून द्या."

हीपण माझ्याबरोबर आली होती. एकदम म्हणाली, "आणि नंतर निघालं तर?"

"यांना माहीत नसताना लिहिलं असेल तर काही नाही. माहीत असून लिहिलं तर तुरुंग."

"आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला माहीत असेल तर?"

वकीलबाई हसल्या. म्हणाल्या, "तसा प्रश्न आजवर कोणी विचारला नाही." मी पण हसलो. म्हटलं, हिला माझ्यापेक्षा जास्त कायदा कळायला लागला. मी सही केली, जरा झोकातच केली. ही तोवर बाहेर जाऊन जिन्यात उभी होती. आत कोंदट होतं खरं.

शुक्रवार, १४

स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीतून कारखान्याची खिडकी दिसते. तिच्यातून व्हाइस दिसतो आणि व्हाइसमधलं ते पातं. आज त्याच्यावर तांबूस ठिपके दिसले. सकाळी दोन-चार होते, दुपारी मला वाटलं वाढले. ही म्हणते एवढ्या लांबून दिसणं शक्यच नाही. मला दिसतं. माझं आहे ते.

साहेबांना फोन केला. म्हटलं, सील काढलंत तर सगळा माल चौकीत आणून जमा करतो, निदान तिथे कोरड्यात राहील. ते म्हणाले, "आणणार कसा? रस्त्यात तुमच्याजवळ सापडला तर गुन्हा." मग तुम्ही येऊन न्या म्हटलं. "न्यायला आम्हाला आदेश लागतो, तो सुनावणीनंतर." मग घरीच ठेवतो. "घरी ठेवणं गुन्हाच आहे, काका, पण त्यावर सील आहे म्हणून चालतंय." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. फोन ठेवताना ते म्हणाले, तब्येतीला जपा.

आणखी एक गोष्ट. माझ्या डाव्या हातावर केस उगवलेत. धार लागली की नाही ते मी हातावरचे केस भादरून बघतो, आम्ही सगळेच बघतो. तरुणपणापासून हा हात गुळगुळीत होता. आज अंघोळ करताना बघितला तर दुसऱ्याच कोणाचा हात वाटला. मला रडू आलं. कोणाला सांगणार, हातावर केस आले म्हणून रडलो?

गुरुवार, २०

ही पुन्हा शिवणवालीकडे. समोरच्या खोलीचे झाले, आता झोपायच्या खोलीचे. मोरीलासुद्धा पडदा आलाय. म्हटलं, "अगं, राजवाडा आहे का हा? उद्या माझ्यावर पण टाकशील एखादा." एरवी अशा वाक्याला हिचं उत्तर तयार असतं. आज नुसती घडी घालत राहिली.

चांगली आहे का शिवणवाली, विचारलं. म्हणाली, "हात चांगला आहे. दोन मुलं आहेत. नवरा घरीच असतो, बरं नाही त्याला. नोकरी गेल्यातच जमा आहे." म्हटलं, मग गरजू बाईला काम देतेस, पुण्यच आहे. त्यावर ही उठून गॅसजवळ गेली आणि पाठ करून उभी राहिली.

तिथे मला दुसरंच दिसलं. ही भाजी चिरत होती, ती बाजारातल्या प्लॅस्टिकच्या मुठीच्या सुरीने! आमचं लग्न झालं त्या वर्षी मी हिच्यासाठी सुरी केली होती, हिच्या मुठीच्या मापाची. ती कुठे गेली विचारलं तर म्हणाली, वर ठेवलीय. का? तर म्हणाली, "भीती वाटते."

मी समजावलं, की स्वयंपाकघरातली सुरी कायद्यात बसत नाही, तिला खटका नाही, घाबरायचं काही कारण नाही. चांगलं सविस्तर समजावलं. हिने ऐकून घेतलं.

रविवार, २३

आज भांडण झालं. ते लिहितो, कारण चूक कोणाची ते मला अजून ठरवता येत नाही.

सकाळी उठलो तर स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीला पडदा. जाड, गडद, शिवणवालीकडचा. कारखाना दिसेना. मी ओढूनच काढला, एक कडी तुटली. ही म्हणाली, "तुम्ही दिवसभर तिथे उभे असता. जेवत नाही, बोलत नाही. नुसतं त्या लोखंडाकडे बघता."

"माझं पातं गंजतंय!"

"गंजू दे."

इतक्या वर्षांत हिच्या तोंडून मी असं ऐकलं नव्हतं. चाकूच्या मुठी हीच घासते, हीच तेल पाजते. माझ्या प्रत्येक चाकूत निम्मा हात हिचा आहे. मी म्हटलं, तुला माझं काम बंदच पडायला हवं आहे का, तसं सांग. जोरात म्हटलं. ही म्हणाली, "तुम्हाला गंज दिसतो, तेवढाच दिसतो." आणि पडद्याची कडी शिवत बसली.

म्हणजे काय, ते मला कळलं नाही. हल्ली ही कोड्यात बोलते. घरात मला बसायला जागा राहिलेली नाही. समोरच्या खोलीत रिकामं कपाट, मागे सील आणि मधे ही.

बुधवार, २६

सुनावणी झाली. आजच लिहायला हवं.

लांब टेबल, पलीकडे मोठे साहेब, बाजूला एक तज्ज्ञ. कुठल्याशा तंत्रविद्यालयात शिकवतात. मी आणि वकीलबाई अलीकडे, ही मागे बाकावर. टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत बसमधला तो चाकू. मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, पातं मळकं, टोकाशी वाकलेलं. शिक्क्याच्या जागी ओरखडे.

तज्ज्ञांनी अहवाल वाचला. "हलक्या दर्जाचा, यंत्रावर काढलेला माल. पात्याला पाणी नीट दिलेलं नाही, त्यामुळे टोक वाकलं. खटका सैल. हातकारागिराचं काम वाटत नाही." वकीलबाईंनी टेबलाखालून माझा हात दाबला. त्या नाचायच्या तेवढ्या बाकी होत्या. या एका कागदावर मी सुटलो होतो. तोंडात मूग धरून बसायचं, एवढंच काम होतं.

मी म्हणालो, "जरा बघू."

साहेबांनी मान हलवली. शिपायाने पिशवीतून काढून माझ्या हातात दिला. मी तो दोनदा उघडला, मिटला.

"खटका सैल नाही, साहेब," मी म्हणालो. "आत वाळू गेलीय. रॉकेलमध्ये बुडवा, तो बसतो की नाही बघा. आणि पाण्याचं म्हणाल तर कोणीतरी याचं टोक फटीत घालून झाकण उचकटलंय. पाणी जास्त झालं असतं तर टोक तुटलं असतं. कमी पडलं असतं तर पातं मधूनच वाकलं असतं. नुसतं टोक वाकलंय, म्हणजे पाणी जिथे हवं तिथेच थांबवलंय. यंत्राचा माल म्हणता? या पट्टीचा कोपरा बघा, गोल घासलाय, मिटताना अंगठ्याला टोचू नये म्हणून. हे कोणतं यंत्र करतं? हे कोणी करत नाही. कोणी बघतसुद्धा नाही. हे मी..."

तिथे थांबलो.

वकीलबाई ताडकन उठल्या. "माझे अशील सर्वसाधारण मत देत आहेत. कुठलाही जाणकार असंच सांगेल."

मोठे साहेब काही वाईट नव्हते. त्यांनाही हे आटपायचं होतं. म्हणाले, "म्हणजे हे कोणा चांगल्या कारागिराचं काम आहे, पण तुमचं नाही, असंच ना?"

दार सताड उघडं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं. मी मागे वळून हिच्याकडे बघितलं. मला वाटलं, ही डोळे वटारून 'गप्प बसा' म्हणत असेल, उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणून नेहमी म्हणते तशी. ती माझ्याकडे बघत नव्हती. चाकूकडेही नाही. डोळे गच्च मिटून बसली होती, दात उपटून घ्यायला बसलेलं माणूस बसतं तशी.

त्या क्षणी मला कळलं. चाकू हातात घेऊन कळलं नव्हतं, इतकं हिचा चेहरा बघून कळलं. पेपर, पडदे, जिन्यात जाऊन उभं राहणं. हिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी हिच्यासमोर रोज सकाळ-संध्याकाळ गर्जना करत होतो, माझा नाही, माझा नाही.

"माझाच आहे," मी म्हणालो.

"शपथपत्रात तर..."

"तेव्हा माहीत नव्हतं. आत्ता हातात आल्यावर कळलं."

"विकला कोणाला ते आठवतं?"

मागून हिचा आवाज आला. "मी विकला. यांना विचारू नका." ती उभी राहिली होती. आवाज कापत नव्हता.

परवाना नामंजूर. माल सरकारजमा. शपथपत्राबाबत कारवाई नाही, एवढी मेहेरबानी. बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही सुटला होता हो." कात्रीवाला दाराशी होताच. "हात दाखवून अवलक्षण," एवढंच बोलला.

घरी आम्ही चालत आलो. वाटेत हिने सांगितलं. पोरगा नीट बोलणारा होता. आजोळी बाग आहे, कलमं बांधायला हवाय म्हणाला. हिने मुठीला एकदा तेलाचं फडकं फिरवून दिला. मग पेपरात तोच चेहरा. हिने कंडक्टरचं घर शोधून काढलं. त्याची बायको शिवणकाम करते कळल्यावर तिच्याकडे पडदे शिवायला टाकले.

"तिला माहीत आहे?"

"नाही. मला पडदेवाल्या ताई म्हणते."

"मला का नाही सांगितलंस?"

ही चालता चालता थांबली. "सांगायला जागा कुठे ठेवली होतीत तुम्ही?"

मी हिच्या हातातली पिशवी घेतली, तेवढंच.

शनिवार, २९

माल नेला. सील लावणाऱ्या साहेबांनीच सील तोडलं, सगळं मोजून पेटीत भरलं. व्हाइसमधलं पातं मी सोडवलं, तेव्हा कोणी हटकलं नाही. बोटाने गंज पुसला, तो पुसला गेला नाही. तेही पेटीत गेलं.

कायदा मूर्ख आहे, हे मी आजही म्हणतो. असल्या पोराला खटका नसता मिळाला तर दगड मिळाला असता. आमच्यासारख्यांना घरात कोंडून एकही पोट वाचणार नाही. हे मी कोणाहीपुढे सिद्ध करीन. फक्त पूर्वीसारखं मोठ्याने म्हणावंसं वाटत नाही.

रविवार, ३०

ही म्हणाली, मी जाऊन सांगून येते. म्हटलं, एकटी नाही.

दोन खोल्या, जिन्याखालचं घर. दाराजवळ शिवणयंत्र, त्यावर ती बाई वाकलेली. ही दिसताच तिचा चेहरा फुलला. आत खुर्चीत कंडक्टर होता. पोटावर हात ठेवून, थोडा वाकून उठला आणि आम्हाला बसायला स्वतःची खुर्ची पुढे सरकवायला लागला. मी नको नको म्हणत ती धरली.

"तुम्ही पडदेवाल्या ताईंचे मिस्टर!" तो म्हणाला. "अहो, किती खिडक्या आहेत तुमच्या घराला? आमची चूल तुमच्या खिडक्यांवर चालली आहे."

ती बाई यंत्र चालवता चालवता हसली. मीही हसलो असेन.

"आणि तुम्ही काय करता?"

ही माझ्या शेजारी उभी होती. तिने तोंड उघडलं, पण मी आधी बोललो. काय करतो ते सांगितलं. मग तो चाकू कोणाचा होता ते सांगितलं. हिने, तो आपण कसा विकला, ते सांगितलं. सगळं मिळून फार वेळ लागला नाही.

शिवणयंत्र थांबलं. ती बाई हिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती ओरडेल. मला वाटलं ओरडावं. कंडक्टरने सदऱ्यावरून पोट चाचपलं.

"डॉक्टर म्हणाले, धार फार चांगली होती," तो म्हणाला. "जखम सरळ गेली म्हणून शिवता आली."

माझ्या कामाला याहून मोठी शाबासकी आजवर कोणी दिली नव्हती. मी खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो. बसा म्हणायला कोणी तयार नव्हतं आणि जा असंही कोणी म्हणेना.